पोटावरचे पाच व्रण आणि सैन्यभरती

अमेरिकेतल्या एखाद्या भरती कार्यालयात एकाच सकाळी दोन तरुण येतात असं धरू. दोघांची उंची सारखी. पहिल्याच्या अंगावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा पाच टक्के चरबी जास्त आहे आणि जिना चढला की त्याला धाप लागते. दुसरा सडसडीत आहे, दोन मैल न थांबता पळतो. फक्त शर्ट वर केला तर पोटावर नखाएवढे पाच पुसट व्रण दिसतात. तीन वर्षांपूर्वी त्याचं वजन १४० किलो होतं. मग वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आणि आज तो ८० किलोवर आहे.

पहिल्याला सैन्य म्हणतं, ये, तुला बारीक करून घेऊ. दुसऱ्याला म्हणतं, तू अपात्र आहेस.

पहिल्यासाठी खरोखरच सोय आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये लष्कराने दक्षिण कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सनला एक पूर्वतयारी वर्ग सुरू केला. चरबीची मर्यादा काही टक्क्यांनी ओलांडणाऱ्या उमेदवारांना तिथे जास्तीत जास्त ९० दिवस ठेवतात, आहार आणि व्यायामावर आणतात आणि माप बसलं की मूळ प्रशिक्षणाला पाठवतात. नौदलानेही २०२३ मध्ये असाच वर्ग काढला. यामागे सैन्याची गरज होती. २०२२ साली लष्कराला ६०,००० जवान हवे होते, मिळाले ४५,००० च्या आसपास. संरक्षण खात्याच्या २०२० च्या अभ्यासात १७ ते २४ वयोगटातले ७७ टक्के तरुण कुठली ना कुठली सूट दिल्याशिवाय भरतीला पात्र ठरत नव्हते. एकाच कारणाने बाद होणाऱ्यांत सर्वात मोठा गट जास्त वजनवाल्यांचा होता, ११ टक्के.

म्हणजे सैन्याला माणसं हवी आहेत, वजन ही अडचण आहे हेही त्यांना ठाऊक आहे, आणि तरी ती अडचण स्वतःच सोडवून आलेल्याला ते दारातून परत पाठवतात. वरवर पाहिलं तर हा उलटा न्याय वाटतो. पण हा नियम वजनाबद्दलचा नाहीच. तो पोटाबद्दलचा आहे. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. सगळ्या पटतील असं मात्र नाही.

नियम काय म्हणतो

अमेरिकी सैन्यात येणाऱ्या प्रत्येकासाठी वैद्यकीय निकषांचा एक मोठा दस्तऐवज आहे: संरक्षण खात्याची ६१३०.०३ क्रमांकाची सूचना, खंड पहिला. लष्कर, नौदल, हवाईदल, मरीन, राखीव दलं, नॅशनल गार्ड, सगळ्यांना तीच लागू. पोट आणि पचनसंस्थेच्या भागात एक छोटी ओळ आहे. वजन घटवण्यासाठी केलेल्या कुठल्याही प्रकारच्या शस्त्रक्रियेचा ‘पूर्वेतिहास’ असेल तर उमेदवार अपात्र.

सगळी मेख त्या पूर्वेतिहास या शब्दात आहे. पोटाच्या इतर काही शस्त्रक्रियांनंतर ठराविक महिने थांबलं, जखम भरली, त्रास नसला की उमेदवाराचा विचार होतो. इथे मुदतच नाही. दोन वर्षं झाली काय आणि दहा झाली काय, पूर्वेतिहास तो पूर्वेतिहासच. पोटावर बसवलेला बँड नंतर काढून टाकला असेल, तरी तो कधीतरी बसवला होता हे राहतंच.

आणि ‘कुठल्याही प्रकारच्या’ हे शब्दही नजरेतून सुटू देऊ नका. या नावाखाली येणाऱ्या शस्त्रक्रिया एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत.

पोटात नेमकं काय बदलतं

सगळ्यात सौम्य प्रकार म्हणजे बँड. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनची कडी बसवतात आणि ती कमी-जास्त आवळता यावी म्हणून कातडीखाली एक छोटी डबी ठेवतात. अमेरिकेत याला २००१ मध्ये मान्यता मिळाली, काही वर्षं त्याची चलती होती, पण कडी सरकणं, वजन परत वाढणं अशा तक्रारींमुळे आता तो मागे पडला आहे.

सध्या सर्वात जास्त होते ती स्लीव्ह. यात जठराचा पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्त, कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने भूकही मंदावते. आतडं मात्र जिथल्या तिथे राहतं.

तिसरी म्हणजे बायपास. हिची कल्पना एडवर्ड मेसन आणि चिकाओ इतो या शल्यविशारदांनी १९६६ च्या सुमारास मांडली. नंतर तिच्यात बरेच बदल झाले. यात जठराच्या वरच्या टोकाशी अंड्याएवढी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं खालून वर ओढून थेट तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही. लोह आणि कॅल्शियम सर्वाधिक शोषलं जातं ते नेमकं त्याच भागात, आणि ब-१२ शोषायला लागणारा घटक जठरच बनवतं. त्यामुळे बायपास झालेल्या माणसाच्या रोजच्या गोळ्या आयुष्यभरासाठी असतात. बहुजीवनसत्त्व, ब-१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्यातही कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोनेक तासांचं अंतर हवं.

घरी राहणाऱ्याला हे सगळं जमतं. मोबाइलवर गजर लावायचा, डब्यात गोळ्या भरून ठेवायच्या, वर्षातून एकदा रक्त तपासायचं. लाखो लोक असं छान जगताहेत, आणि शस्त्रक्रियेआधी जगत होते त्याहून कितीतरी निरोगी जगताहेत. शस्त्रक्रियेला कमी लेखायचा इथे अजिबात हेतू नाही.

प्रश्न फक्त एवढाच की हेच वेळापत्रक सैनिकाच्या दिवसात बसतं का.

सैनिकाचा दिवस

जेवणापासून सुरू करू. शस्त्रक्रिया झालेल्याला आहारतज्ज्ञ सांगतात: छोटे घास घ्या, सावकाश चावा, जेवणाला २०-३० मिनिटं द्या, जेवताना पाणी पिऊ नका, नंतरही अर्धा तास थांबा. मूलभूत प्रशिक्षणात जेवायला हातावर मोजण्याइतकी मिनिटं मिळतात आणि मागे कुणीतरी ओरडत उभं असतं. मैदानी सरावात एमआरई नावाची तयार जेवणाची पाकिटं येतात. एका पाकिटात साधारण १२५० कॅलरी, आणि अशी दिवसाला तीन. जड सामान पाठीवर घेऊन दिवसभर चालणारा सैनिक चार हजारांच्या वरही कॅलरी जाळतो, म्हणून ती भरलेली असतात. अंड्याएवढ्या पिशवीत हे अन्न दहा मिनिटांत कोंबता येत नाही. कोंबलं तर उलटी होते. न कोंबावं तर शरीर उपाशी राहतं.

त्यात साखरेचा वेगळाच त्रास. बायपासनंतर गोड पदार्थ पिशवीतून सरळ आतड्यात घसरतो, आतडं पाणी ओढून घेतं आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब सुरू होतात. याला डंपिंग म्हणतात. त्याचा एक उशिरा येणारा भाऊही आहे: खाल्ल्यावर तासा-तीन तासांनी शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर कोसळते. हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं, क्वचित शुद्ध हरपते. हे सगळ्यांना होत नाही. पण ज्याच्या हातात भरलेली बंदूक किंवा ट्रकचं स्टीअरिंग आहे त्याच्या बाबतीत ‘क्वचित’ हा शब्द वेगळा ऐकू येतो.

मग पाणी. कडक उन्हात कष्टाचं काम असेल तर लष्कराच्या तक्त्याप्रमाणे तासाला पाऊण ते एक क्वार्ट, म्हणजे साधारण ७०० ते ९५० मिलिलिटर पाणी प्यायचं असतं. आकसलेलं जठर घोट घोट पाणी घेतं, घटाघट नाही. पाणी कमी पडलं की उष्माघाताचा धोका. बायपासवाल्यांना मूतखड्याची शक्यता मुळातच जास्त असते, तीही पाण्याअभावी वाढते.

हाडांचं प्रकरण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण ते दिसत नाही. झपाट्याने वजन उतरतं तेव्हा हाडांची घनताही घटते, आणि वजन स्थिरावल्यावरही ही घट काही काळ चालू राहते. दुसरीकडे प्रशिक्षणातली सगळ्यात नेहमीची दुखापत कुठली, तर नडगी आणि पायाच्या हाडांना ताणामुळे पडणाऱ्या बारीक भेगा. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नौदलाच्या पाच हजारांवर महिला प्रशिक्षणार्थींपैकी काहींना रोज २००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट ड जीवनसत्त्व दिलं. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांच्यात अशा भेगा २० टक्क्यांनी कमी पडल्या. या शस्त्रक्रिया न झालेल्या, निरोगी मुली होत्या. कॅल्शियम नीट शोषणाऱ्या शरीरातही एवढा फरक पडत असेल, तर जिथे शोषणाची वाटच वळवलेली आहे तिथे काय, हा प्रश्न डॉक्टर विचारणारच.

आणि पाय दुखला की सैनिक काय घेतो? आयबुप्रोफेन. अमेरिकी सैन्यात तिचं लाडकं नाव ‘व्हिटॅमिन एम’, मॉट्रिन या ब्रँडवरून. गुडघा, कंबर, डोकं, काहीही दुखो, मेडिक, म्हणजे तुकडीतला वैद्यकीय मदतनीस, हीच गोळी हातावर ठेवतो. बायपास झालेल्याला नेमकी ही गोळी वर्ज्य, कारण पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे तिने अल्सर होऊ शकतो आणि तो फुटूही शकतो. स्लीव्हवाल्यांच्या बाबतीत बंधन तितकं कडक नसलं तरी बरेच शल्यविशारद तिथेही नकोच म्हणतात.

शेवटचा आणि सगळ्यात गंभीर धोका म्हणजे आतल्या आत होणारा हर्निया. बायपासमध्ये आतडं वळवताना त्याच्या पडद्यांमध्ये फटी राहतात. त्या शिवल्या तरी पुढे चरबी विरघळली की पुन्हा मोकळ्या होऊ शकतात, आणि एखाद्या दिवशी, कधी कधी अनेक वर्षांनी, आतड्याचा फास तिथे अडकतो. पोटात मरणाची कळ येते. सीटी स्कॅन आणि ही शस्त्रक्रिया ओळखणारा सर्जन, दोन्ही काही तासांत मिळायला हवेत. शहरात मिळतात. पाणबुडीवर डॉक्टरही नसतो, कॉर्प्समन, म्हणजे नौदलाचा प्रशिक्षित वैद्यकीय सहायक, असतो. दूरच्या चौकीवरून रुग्ण हलवायचा तर हेलिकॉप्टर लागतं, आणि त्या हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्या चार जणांचा जीवही त्या फेरीत गुंततो.

तेव्हा सैन्य विचारतं ते असं: औषधांचं दुकान, तपासणीची प्रयोगशाळा आणि ओळखीचा डॉक्टर तुझ्यापासून हजार मैलांवर गेले, तर सहा महिन्यांनी तुझं काय होईल? सेवेत असलेल्या सैनिकांच्या बाबतीतही हेच धोरण दिसतं. सैनिकांच्या कुटुंबीयांना आणि निवृत्तांना ट्रायकेअर या सैनिकी आरोग्य विम्यातून काही अटींवर ही शस्त्रक्रिया मिळते. सक्रिय सेवेतल्या सैनिकाला सर्वसाधारणपणे नाही.

मग नियम बरोबर आहे?

बायपासच्या बाबतीत मला त्याचं म्हणणं समजतं. वर लिहिलेल्या तक्रारींपैकी बहुतेक तिच्याच आहेत. स्लीव्हचं चित्र वेगळं आहे: छातीत जळजळ वाढू शकते, ब-१२ आणि लोहावर लक्ष ठेवावं लागतं, पण आतडं वळवलेलं नसल्याने तो फास अडकण्याचा प्रकार तिथे जवळजवळ येत नाही. पाच वर्षांपूर्वी स्लीव्ह झालेला, रक्ताचे सगळे अहवाल स्वच्छ असलेला, अर्धमॅरेथॉन पळणारा माणूस आणि गेल्या वर्षी बायपास झालेला माणूस एकाच ओळीत बाद होतात, हे ढोबळपणाचं लक्षण आहे. ती ओळ लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असावं, कारण दस्तऐवजातच मागचं दार ठेवलेलं आहे. त्याचं नाव वेव्हर.

वेव्हर म्हणजे ‘तू निकषात बसत नाहीस, तरी तुझा धोका आम्ही पत्करतो’ असं सैन्याने लेखी म्हणणं. तो हक्क नाही. स्वतः अर्ज करून मागताही येत नाही. ज्या दलात जायचं आहे त्या दलाने तुमच्यासाठी तो विचारात घ्यावा लागतो.

क्रम असा असतो. रिक्रूटर तुमच्याकडून आजारांची प्राथमिक माहिती भरून घेतो. ती मेप्सला जाते. मेप्स म्हणजे देशभर विखुरलेली ६५ भरती-तपासणी केंद्रं. तिथला डॉक्टर अहवाल वाचतो, तपासणी होते आणि शस्त्रक्रियेची नोंद दिसली की अपात्रतेचा शिक्का बसतो. इथे बरेच जण खचून निघून जातात. पण मेप्सचा डॉक्टर फक्त निकष लावतो, सूट देण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार प्रत्येक दलाच्या स्वतःच्या वैद्यकीय यंत्रणेकडे असतो. म्हणून लष्कराचा नकार म्हणजे हवाईदलाचा नकार नव्हे, आणि आजचा नकार म्हणजे दोन वर्षांनंतरचाही नकार नव्हे. अधिकारी होण्यासाठी वेस्ट पॉइंटसारख्या अकादमीत किंवा कॉलेजात शिकता शिकता अधिकारी घडवणाऱ्या आरओटीसीत जायचं असेल तर तपासणी डॉडमर्ब नावाच्या वेगळ्या मंडळाकडून होते, पण मूळ निकष तेच.

रिक्रूटरबद्दल एक सांगतो. तो वाईट माणूस नसतो, पण त्याच्या डोक्यावर महिन्याचा आकडा असतो. चटकन भरती होणारी दोन मुलं सोडून तो तुमच्या वेव्हरच्या कागदांमागे दोन-तीन महिने घालवेल की नाही, हे त्याच्यावर अवलंबून. एकाने ‘जमणार नाही’ म्हटलं तर दुसऱ्या कार्यालयात विचारायला हरकत नसते. दोन्हीकडे एकच खरी गोष्ट सांगायची, इतकंच.

आणि सूट मिळण्याची शक्यता? कमी. हे आधीच मनाशी ठरवून गेलेलं बरं.

दुसरी भिंत

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. शस्त्रक्रिया हा त्यांच्या फायलीतला एकमेव अडथळा नसतो.

अमेरिकेत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया विम्यातून मंजूर करून घ्यायची तर नुसतं वजन जास्त असून भागत नाही. १९९१ पासून अनेक वर्षं चालत आलेला संकेत असा की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, ४० च्या वर हवा, किंवा ३५ च्या वर असून सोबत वजनाशी जोडलेला एखादा आजार हवा. तज्ज्ञ संघटनांनी २०२२ मध्ये ही मर्यादा ३५ आणि ३० वर आणली, पण विमा कंपन्या सावकाश हलतात. तेव्हा मंजुरी मिळावी म्हणून डॉक्टर फाइल भक्कम करतात: मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो, रक्तदाब आहे. त्यात खोटं काही नसतं. शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेटही बहुतेकदा सक्तीची असते, आणि तिथे मोकळेपणाने सांगितलेली ‘उदास वाटलं की खात सुटतो’ ही ओळसुद्धा फायलीत बसते.

मग वजन उतरतं, मधुमेह मावळतो, घोरणं थांबतं. माणूस विसरतो, फाइल विसरत नाही. आणि भरतीच्या निकषांत मधुमेहाचा पूर्वेतिहास, झोपेतला श्वासरोध, मानसिक आजारावरचे उपचार, हे प्रत्येक स्वतंत्र अपात्रतेचं कारण ठरू शकतं. ज्या नोंदींनी शस्त्रक्रियेचं दार उघडलं त्याच नोंदी इथे दार लावतात. म्हणून वेव्हरची तयारी करणाऱ्याने फक्त ऑपरेशनचा कागद घेऊन जाऊ नये. आपली संपूर्ण फाइल मागवून घ्यावी, आधी स्वतः ओळ न् ओळ वाचावी आणि जिथे जुनं निदान लिहिलंय तिथे ‘आता नाही’ हे दाखवणारी ताजी तपासणी जोडावी. मधुमेह होता तर गोळ्या बंद असतानाचे एचबीए१सीचे, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारे आकडे. श्वासरोध होता तर नव्याने केलेला झोपेचा अभ्यास. त्याखेरीज शस्त्रक्रियेचं मूळ टिपण, म्हणजे ‘गॅस्ट्रिक सर्जरी’ एवढंच न लिहिता नेमकं काय कापलं आणि काय जोडलं हे सांगणारा कागद. दोन-तीन वर्षं वजन स्थिर असल्याच्या नोंदी. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्वाचे एकामागून एक अहवाल. आणि जमलं तर हाडांच्या घनतेची तपासणी. सर्जनचं पत्र उपयोगी पडतं, पण ‘हा फार जिद्दी मुलगा आहे’ असं नव्हे. ‘आहारावर बंधन नाही, डंपिंग नाही, आयबुप्रोफेन घ्यायला हरकत नाही’ असं नेमकं लिहिलेलं, अर्थात ते खरं असेल तरच.

सुटलेल्या कातडीचा एक बारीक तिढा आहे, त्याचा उल्लेख फारसा कुणी करत नाही. ५०-६० किलो उतरल्यावर पोटावर कातडीची घडी लोंबते. सैन्यात चरबी मोजतात ती टेपने. २०२३ पासून लष्कराने तर फक्त बेंबीच्या पातळीवरचा घेर धरायला सुरुवात केली. टेपला चरबी आणि रिकामी कातडी यांतला फरक कळत नाही. आत चरबी नसूनही माप वाढतं, घडीखाली घामाने त्वचा सोलवटते, आणि ती काढून टाकायची म्हटलं तर आणखी एक शस्त्रक्रिया आणि तिचा आणखी एक कागद.

लपवलं तर?

हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात येतो, आणि ‘फॉर्मवर नाही म्हण, कोण बघतंय’ असं सांगणारा सल्लागारही कुठेतरी भेटतोच. पूर्वी कदाचित खपूनही जात असेल. २०२२ मध्ये मेप्स केंद्रांवर एमएचएस जेनेसिस ही संगणकीय नोंदप्रणाली आली. ती नागरी रुग्णालयं आणि औषध दुकानांकडच्या नोंदीही ओढून आणते. लहानपणच्या विसरलेल्या इनहेलरची चिठ्ठीसुद्धा तिच्यात सापडल्याने मुलं अडकली आहेत. विम्यातून झालेली मोठी शस्त्रक्रिया तिच्यातून सुटण्याची आशा धरू नये. शिवाय पोटावरचे ते पाच व्रण तपासणीच्या टेबलावर दिसतातच.

समजा तरीही निभावलं आणि नंतर उघडकीस आलं, तर खोटी माहिती देऊन भरती होणं हा सैनिकी कायद्याच्या कलम १०४अ खाली गुन्हा आहे. नुसती बडतर्फी झाली तरी तिची नोंद पुढच्या नोकऱ्यांत आडवी येते. पण मला यापेक्षा दुसरी भीती मोठी वाटते. ज्याने मेडिकला काही सांगितलेलं नाही, त्याला मेडिक पायदुखीवर विश्वासाने व्हिटॅमिन एम देणार. पोटात कळ आली की अपचन समजून झोपायला सांगणार. आणि पाण्याच्या बाटल्या रिकाम्या करायचा हुकूम आला की त्याला रांगेत सगळ्यांसोबत त्या घशात ओताव्या लागणार.

गणवेशाच्या आसपास

वेव्हर नाकारला गेला तरी काही वाटा उरतात. संरक्षण खात्यात लाखो नागरी कर्मचारी काम करतात: अभियंते, परिचारिका, संगणकवाले, मेकॅनिक. त्यांना भरतीचे हे निकष लागू नाहीत. कामाच्या गरजेपुरती तपासणी असते. तटरक्षक दलाची सहायक शाखा १९३९ पासून आणि हवाईदलाची सिव्हिल एअर पेट्रोल १९४१ पासून आहे. दोन्हीकडे स्वयंसेवक गणवेश घालून शोध आणि बचावाच्या कामात खरोखर उतरतात. अग्निशमन दल आणि पोलिसांचे निकष वेगळे असतात, आणि तिथे बऱ्याचदा ‘काम करून दाखव’ यावर जास्त भर असतो. नॅशनल गार्डला मात्र पळवाट समजू नये. तिथेही ६१३०.०३ च आहे.

अजून टेबलावर गेला नसाल तर

वजन जास्त आहे, सैन्यात जायचं आहे आणि शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे, अशा तरुणाला हा सगळा मजकूर सर्वात जास्त उपयोगी पडेल, कारण त्याच्या हातात अजून निवड आहे. शस्त्रक्रियेआधी सही करायच्या संमतीपत्रात टाका सुटण्याचा, रक्ताची गाठ होण्याचा, जीवनसत्त्वं कमी पडण्याचा धोका छापलेला असतो. तुमच्या नोकरीच्या इराद्यांबद्दल तिथे काही नसतं, आणि सर्जनही त्याबद्दल आपणहून विचारेलच असं नाही. तुम्ही सांगायचं.

सांगितल्यावर कदाचित औषधांची गोष्ट निघेल. आठवड्याला एक टोचायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं अमेरिकेत वजनासाठी २०२१ पासून मान्य आहेत. त्यांचाही सैन्याशी सहज मेळ बसत नाही: पेन साधारणपणे थंडाव्यात ठेवावं लागतं, आणि एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. पण औषध बंद करता येतं आणि पोट होतं तसंच राहतं. कापलेलं जठर परत जोडता येत नाही.

मात्र वजन १६० किलो आहे, साखर ३०० वर आहे, रात्री श्वास अडकून जाग येते, असं असेल आणि डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत असतील, तर भरतीच्या एका ओळीसाठी ती पुढे ढकलू नका. त्या अवस्थेत भरती तशीही होणार नव्हती. ऑपरेशनच्या दिवशीच मूळ टिपणाची एक प्रत मागून घ्या, आणि पुढच्या प्रत्येक रक्ततपासणीचा कागद त्याच फायलीत लावत जा.